मराठी मुलखांत घडलेले जुने इंग्रजी शब्द

इंग्रजी भाषेचा एखादा मोठा कोश उघडून बसलें, तर त्यांत असे शेंकडों शब्द आढळतात कीं, ते आज लंडनमधल्या सुशिक्षित माणसासहि ठाऊक नसतात. कोशकार त्यांच्यापुढें ‘जुना’ किंवा ‘अप्रचलित’ अशी खूण करून ठेवतो, आणि शब्दकोडीं सोडविणारे लोक वगळले तर त्यांच्या वाटेस सहसा कोणी जात नाहीं. परंतु या अडगळींतले कांहीं शब्द मराठी माणसानें हातीं घेऊन थोडे पुसून पाहावे. ओळखीचा चेहरा दिसूं लागतो. ‘चाउट’ म्हणजे आपली चौथ, ‘कँडी’ म्हणजे आपली खंडी, ‘बॅटी’ म्हणजे आपलें भात आणि ‘सिल्लादार’ म्हणजे आपला शिलेदार. हे शब्द इंग्रजांनीं कोठें, केव्हां आणि कशासाठीं उचलले, एवढेंच विचारीत गेलें तरी अडीचशें वर्षांचा इतिहास डोळ्यांपुढें उभा राहतो. आजच्या भाषणांत त्यांतल्या निवडक शब्दांची हकीकत सांगण्याचा माझा विचार आहे.

अशा शब्दांचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह १८८६ सालीं लंडनमध्यें छापला गेला. त्याचें नांव ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल हा बंगालकडील लष्करी इंजिनियर आणि आर्थर बर्नेल हा मद्रासकडील मुलकी अधिकारी. या दोघांनीं पत्रव्यवहार करीत करीत तो जुळविला. बर्नेल १८८२ सालींच वारला. ग्रंथ पुरा झालेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. १९०३ सालीं विल्यम क्रुक यानें त्याची दुसरी आवृत्ति काढली. ग्रंथास असें चमत्कारिक नांव कां, हें ऐकण्यासारखें आहे. मोहरमच्या मिरवणुकींत ‘या हसन! या हुसेन!’ असा जो घोष चाले, तो गोऱ्या शिपायांच्या कानांत शिरून तोंडावाटे ‘हॉब्सन-जॉब्सन’ असा बाहेर पडे. हॉब्सन काय किंवा जॉब्सन काय, हीं इंग्रजांतलीं साधीं आडनांवें आहेत. परका ध्वनि कानीं पडला कीं त्यास ओळखीच्या शब्दाचा अंगरखा चढवावयाचा, ही मनुष्यमात्राची खोड. तिचाच मान राखून यूलनें आपल्या कोशाचें बारसें केलें.

या कोशाचा मोठा गुण असा कीं, त्यांत शब्दाचा अर्थ देऊन कोशकार थांबत नाहीं. तो शब्द कोणत्या सालीं, कोणाच्या पत्रांत, कोणाच्या प्रवासवृत्तांत आला, तें सालवार उताऱ्यांनिशीं खालीं मांडलेलें असतें. त्यामुळें तो कोश म्हणून थोडा आणि बखर म्हणून अधिक वाचला जातो.

आतां एकेक शब्द घेऊं. ‘चाउट’ या शब्दापासून आरंभ करणें योग्य होईल. शिवाजीमहाराजांच्या काळीं इंग्रज व्यापाऱ्यांची मोठी वखार सुरतेस होती. १६६४ आणि १६७० अशी दोनदां महाराजांनीं सुरत लुटली. आसपासच्या मुलखावर महसुलाच्या चौथ्या हिश्शाची मागणी मराठे करूं लागले, तेव्हां या शब्दाचा अर्थ वखारवाल्यांना पंडितास विचारावा लागला नाहीं. इंग्रजींत कर, खंडणी, जकात यांना स्वतःचे शब्द काय थोडे होते? तरीहि त्यांनीं चौथ जशीच्या तशी उचलली. कारण तिच्यासारखा कर त्यांनीं आपल्या देशीं पाहिलेला नव्हता. यावरून एक नियम ध्यानांत येतो. दुसऱ्याचा शब्द माणूस हौसेनें क्वचितच घेतो; पुष्कळदां तो गरजेनें घेतो, आणि कधीं कधीं भीतीनें.

भीतीचें दुसरें उदाहरण कलकत्त्याचें. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर उतरूं लागल्या, तेव्हां १७४२ सालीं कलकत्त्याच्या रहिवाशांनीं शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. त्याचें नांवच ‘मराठा डिच’ असें पडलें. मराठे कलकत्त्यावर आले नाहींत आणि खंदकहि पुरा झाला नाहीं. पुढें तो बुजवून त्यावर रस्ता करण्यांत आला. परंतु कलकत्तेकर गोऱ्यांना ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, हें टोपणनांव जें चिकटलें तें पुढें कित्येक पिढ्या सुटलें नाहीं. न झालेल्या स्वारीची एवढी दीर्घ आठवण दुसऱ्या कोणत्या साधनांत सांपडणार? खुद्द बंगाली लोकांनीं मात्र मराठी स्वारांस ‘बर्गी’ म्हटलें, तें आपल्या बारगीर या शब्दावरून. आणि बंगाली पाळण्यांच्या गाण्यांत त्या बर्गींचें नांव अजून मुलांना भिववितें. आपल्या पराक्रमाच्या कथा सांगतांना ही बाजूहि आपण ऐकून घेतली पाहिजे. शब्द दोन्ही पक्षांची साक्ष देतो.

समुद्रावर हीच गोष्ट घडली. कान्होजी आंग्रे १७२९ सालीं वारले. तोंवर कोंकणकिनाऱ्यावरून जाणाऱ्या इंग्रजी जहाजांना त्यांची दहशत होती. त्या काळच्या इंग्रजी कागदांत ‘ग्रॅब’ आणि ‘गॅलिव्हॅट’ हे दोन शब्द वारंवार येतात. ग्रॅब म्हणजे आपली गुराब. मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. गॅलिव्हॅट म्हणजे गलबत. गुराबेहून लहान, वल्ह्यांच्या जोरावर चपळ धांवणारें. गुराबेचें मूळ अरबी शब्दांत आहे, आणि त्याचा अर्थ डोमकावळा. इंग्रजींत ‘ग्रॅब’ म्हणजे झडप घालणें असेंहि एक क्रियापद आहे; त्याचा या शब्दाशीं रक्ताचा संबंध नाहीं, पण आंग्ऱ्यांच्या तावडींत सांपडलेल्या खलाशास हें व्याकरण सुचलें असेल असें वाटत नाहीं. १७५६ सालीं विजयदुर्ग पडला. पुढें आगबोटी आल्या, आणि हे दोन्ही शब्द शिडांबरोबर गुंडाळले गेले.

आतां समुद्र सोडून घाटाकडे वळूं. मी राहतों तें वाकड गांव पुण्याच्या वायव्येस, मुळा नदीच्या बाजूस आहे. मुंबईहून बोरघाट चढून पुण्यास येणारा जुना मार्ग येथून थोड्या कोसांवरून जातो. या मार्गावर दोन शब्दांनीं मोठी मजा केली आहे.

पहिला शब्द घाट. मराठींत घाट म्हणजे डोंगर चढून जाण्याची वाट, किंवा नदीच्या पायऱ्या. डोंगराला आपण घाट म्हणत नाहीं. परक्या प्रवाशानें वाटाड्यास विचारलें, ‘हें काय?’ वाटाड्यानें वाट दाखवून सांगितलें, ‘घाट.’ प्रवाशानें वर पाहिलें व सगळा पर्वतच ‘घॉट’ म्हणून लिहून घेतला, असेंच कांहीं तरी झालें असावें. अशा रीतीनें सह्याद्रीचा ‘वेस्टर्न घॉट्स’ झाला. पुढें आमचीं भूगोलाचीं पुस्तकें इंग्रजीवरून तयार झालीं, आणि त्यांत ‘पश्चिम घाट’ हें नांव आलें. आपलाच शब्द परदेशीं जाऊन, अर्थ बदलून, पाहुणा म्हणून घरीं परतला. आणि आपण त्याला बसावयास पाट दिला!

दुसरा शब्द ‘टँक’. गडावर खडकांत कोरलेलें पाण्याचें टाकें आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. हिंदुस्थानांतले इंग्रज तळ्याला, हौदाला सरसकट टँक म्हणत. हा शब्द गुजराती-मराठी टाक्यावरून गेला कीं पोर्तुगीजांच्या तशाच एका शब्दावरून, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. दोहोंची सरमिसळ झाली असें पुष्कळ कोशकार मानतात. यापुढची कथा मात्र निश्चित आहे. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं पोलादी रणगाडे बांधावयास घेतले, तेव्हां शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून, हीं पाण्याचीं टाकीं बनत आहेत, असें भासविण्यांत आलें. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर तीं ‘टाकीं’ प्रथम चालून गेलीं, आणि तेंच नांव कायम झालें. शब्दाचा प्रवास कोठून कोठें जाईल याचा नेम नाहीं.

या दोन्ही शब्दांची गांठ आमच्या मावळांत एकाच प्रसंगीं पडते. रघुनाथरावास पेशवाईच्या गादीवर बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस घाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा धाडशी सरदार मारला गेला. फौज तळेगांवपर्यंत आली, तों पुढें उजाड मुलूख आणि भोंवतीं मराठी घोडदळ. ११ जानेवारीच्या रात्रीं मोठ्या तोफा तेथील तळ्यांत लोटून देऊन इंग्रज मागें फिरले. त्यांच्या लेखी ती तोफांची समाधि ‘टँक’मध्येंच झाली. वडगांवास ते पुरते कोंडले गेले, आणि तेथें त्यांना तह करावा लागला. पण लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. मेलेल्या स्टुअर्टला मराठ्यांनीं ‘इष्टूर फांकडा’ म्हटलें. शत्रूच्या नांवास आपल्या जिभेचें वळण दिलें, आणि त्याच्या शौर्यास आपल्या भाषेंतली पदवी दिली. वडगांवास त्याच्या नांवाचें स्मारक अद्याप दाखवितात. म्हणजे हॉब्सन-जॉब्सनची खोड केवळ गोऱ्यांचीच होती असें नव्हे. एल्फिन्स्टनचा ‘अलपिष्टन’ आपणच केला, आणि ‘ऑर्डर्ली’चा अर्दली आपणच केला. युरोपीय कवायत शिकलेल्या शिपायास ‘गार्ड’वरून आपण गारदी म्हटलें, पण १७७३ सालीं शनिवारवाड्यांत नारायणरावाचा खून झाल्यापासून त्या शब्दाचा मूळ अर्थ लोपला आणि मराठी कानाला गारदी म्हणजे मारेकरी असेंच वाटूं लागलें. एका रात्रींत शब्दाचा अर्थ बदलावा, असे प्रसंग थोडे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट जवळ आला. त्याच वर्षीं इंग्रजांनीं ‘पूना हॉर्स’ हें घोडदळ उभें केलें होतें. या घोडदळांत आणि पुढें हिंदुस्थानांतल्या बहुतेक देशी घोडदळांत शिलेदारीची पद्धति चाले. बारगीर स्वार होतो तो सरकारी घोड्यावर. शिलेदार आपलें घोडें व आपलें हत्यार घेऊन येतो. शब्दाचें मूळ फारशी. पण त्याला लष्करी व्यवहाराचा नेमका अर्थ दिला तो मराठेशाहीनें. इंग्रजांनीं राज्य घेतलें, पण ही व्यवस्था मोडली नाहीं. तिचें नांवहि बदललें नाहीं. ‘सिल्लादार’ हा शब्द त्यांच्या सरकारी कागदांत पहिल्या महायुद्धापर्यंत नांदला. त्या युद्धांत घोड्यांचा पुरवठा स्वारानें स्वतः करणें अशक्य ठरलें. पद्धति मोडली, आणि शब्द कोशांत जाऊन निजला.

व्यापारांतल्या शब्दांविषयीं थोडक्यांत सांगतों. खंडीची ‘कँडी’ झाली. मुंबईची साधी खंडी ५६० पौंडांची आणि कापसाची ७८४ पौंडांची. गोड कँडी ती निराळी. ती अरबांच्या मार्फत साखरेबरोबर युरोपांत गेली. जुन्या इंग्रजी पत्रांत एका जहाजावर इतक्या शें कँडी माल चढविला असें वाचून कोणा मुलाच्या तोंडास पाणी सुटलें तर त्याला दोष देतां येणार नाहीं! धान्याची खंडी आपल्या व्यवहारांतून गेली; कापसाच्या बाजारांत मात्र सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर भाव सांगण्याची चाल अजून आहे. भातशेतीला मुंबईचे इंग्रज ‘बॅटी’ची जमीन म्हणत. नारळीच्या बागेला ते ‘ओर्ट’ म्हणत, तो शब्द पोर्तुगीज. बांधाला ते ‘व्हेलार्ड’ म्हणत, तोहि पोर्तुगीज. महालक्ष्मीजवळचा ‘हॉर्नबी व्हेलार्ड’ जुन्या मुंबईकरांस आठवत असेल. बोंबलाचें नांव ‘बॉम्बे डक’ पडलें, आणि मग ते खाणाऱ्या मुंबईकर गोऱ्या अधिकाऱ्यांनाच इतर इलाख्यांतले लोक ‘डक’ म्हणूं लागले. गोंधळ, आरडाओरड यांना ‘बॉबरी’ असा एक इंग्रजी शब्द आहे. तो म्हणजे घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघणारें ‘बाप रे बाप’! साहेब गाडींतून उतरला कीं हा शब्द त्याच्या कानीं वारंवार पडत असला पाहिजे.

येथवरच्या गोष्टींत करमणुकीचा भाग बराच आला. परंतु शब्दार्थावर माणसांचें अन्न अवलंबून असतें, असाहि एक काळ आपल्या मुलखानें पाहिला आहे. पेशवाई बुडाल्यावर वतनें, इनामें, सरंजाम यांच्या सनदा लोकांच्या घरोघर होत्या. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनाम कमिशनचें काम जोरानें चालूं झालें. तेव्हां प्रश्न असा पडे कीं, सनदेंतली जमीन इनाम कीं सरंजाम? वंशपरंपरा कीं हयातीपुरती? एका शब्दाच्या अर्थावर एखाद्या कुटुंबाची जमीन राही किंवा जाई. अनेकांची गेली. कंपनी सरकारच्या आश्रयानें प्रोफेसर विल्सन यानें मुलकी आणि न्यायखात्यांतल्या देशी शब्दांचा मोठा कोश १८५५ सालीं प्रसिद्ध केला, तो कांहीं विद्येच्या विलासाकरितां नव्हे. ज्याला राज्य चालवावयाचें त्याला पाटील, कुळकर्णी, वतन, मिरास या शब्दांत काय काय भरलें आहे तें समजून घ्यावें लागतें. ज्याच्या हातीं अर्थ ठरविण्याचा अधिकार, त्याच्याच हातीं जमीन.

येथें एका उलट प्रवासाचा उल्लेख केला पाहिजे. आपल्या घरांत मुलाच्या शाळेच्या डब्यास ‘टिफिन’ म्हणतात. पुष्कळांस हा अस्सल विलायती शब्द वाटतो, तर विलायतेंतल्या माणसास तो अस्सल हिंदुस्थानी वाटतो! खरा प्रकार असा कीं, जेवणाच्या वेळेखेरीज कांहीं खाणेंपिणें याला इंग्लंडांत अठराव्या शतकांत ‘टिफिंग’ असा एक ग्राम्य शब्द होता. ग्रोस नांवाच्या गृहस्थानें १७८५ सालीं छापलेल्या बाजारी शब्दांच्या कोशांत तो नोंदविलेला आहे. इंग्लंडांत तो मेला. हिंदुस्थानांत आलेल्या गोऱ्यांच्या तोंडीं तो जगला, आणि ते गेल्यावर मुंबईच्या डबेवाल्यांनीं तो सांभाळला. चौथ, गुराब, शिलेदार यांच्या इंग्रजी छाया त्यांच्या कोशांत आहेत; त्यांचा मेलेला शब्द आपल्या डब्यांत आहे.

या सर्व कथेचा अर्थ ‘पाहा, इंग्रजांनीं आमचे शब्द घेतले’ अशी फुशारकी मारणें हा नव्हे. यांतले कित्येक शब्द मुळांत अरबी, फारशी किंवा पोर्तुगीज आहेत. आपणहि ते कोणाकडून तरी घेतलेले आहेत. शब्द म्हणजे नाणें. तें पुष्कळांच्या हातून झिजत जातें. घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. त्या लोकांनीं परक्या देशांतले, परक्या भाषेंतले, कालांतरानें निरुपयोगी ठरलेले शब्दहि तारीखवार लिहून ठेवले. खुद्द मराठीचा पहिला मोठा कोश मोल्स्वर्थ या लष्करी अधिकाऱ्यानें, जॉर्ज व टॉमस कँडी बंधूंच्या आणि एतद्देशीय पंडितांच्या साह्यानें, १८३१ सालीं सिद्ध केला. १८५७ सालीं त्यानेंच त्याची पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ति काढली. शब्द देशावरचा कीं कोंकणांतला, शिष्टांचा कीं कुणब्याचा, हेंहि त्यांत जागोजाग टिपलेलें आहे. आज शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीच्या मराठी शेतकऱ्याची बोली समजून घ्यावयाची, तर त्या ग्रंथाखेरीज पाऊल टाकतां येत नाहीं.

वाकडसारख्या गांवांत या गोष्टीचें महत्त्व विशेष पटतें. येथें ज्वारीचीं शेतें होतीं, विहिरींवर मोटा चालत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्या जागीं बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि शेजारीं हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या आल्या. याविषयीं माझी तक्रार नाहीं. लोकांस काम मिळालें. परंतु मोट गेली तशी तिची सगळी भाषाहि चालली. मोटेचा जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोंदूर, बैल उतरत ती धाव, आणि पाणी येऊन पडे तें थारोळें. थारोळें हा शब्द आतां वर्तमानपत्रांत ‘रक्ताच्या थारोळ्यांत’ एवढ्याच ठिकाणीं उरला आहे. लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास पाण्याची आठवणहि नसते. शेतांना पाणी पाजणारा शब्द खुनाच्या बातमीपुरता राहावा, यापेक्षां गारदी शब्दाची गति काय वाईट झाली?

म्हणून श्रोत्यांना एक विनंति करतों. आपल्या घरांत आजी असेल, गांवाकडे एखादे वृद्ध आजोबा असतील. एक साधी वही घ्यावी. स्वयंपाकघरांतले, शेतांतले, सुताराच्या व कुंभाराच्या कामांतले जे शब्द मुलांना कळत नाहींत ते त्यांना विचारावे, आणि शब्द, अर्थ, सांगणाऱ्याचें गांव व साल इतकें लिहून ठेवावें. शक्य असल्यास तो शब्द ज्या वाक्यांत त्यांनीं वापरला तें वाक्यहि लिहावें. यूल आणि बर्नेल यांनीं याहून निराळें कांहीं केलें नाहीं. या कामाला पदवी लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. सुटीच्या दिवशींचा एक तास पुरतो. मुलांनीं हें काम केलें तर फारच उत्तम. विचारतांना मात्र घाई करूं नये. वृद्ध माणसाला शब्द आठवावयास वेळ लागतो, आणि एक आठवला कीं त्याच्या मागोमाग दहा येतात.